जिराफाला आपल्या भाषेत काय म्हणतात

आर्चर्स पोस्ट
३ जानेवारी १९९८

दादा,

पत्र बघून तुला आश्चर्य वाटेल. बाबा गेले तेव्हा लिहिलं होतं, त्यानंतर आजच लिहितो आहे. हुसेन लॉरीवाला म्हणाला की तू अजून मोंबासाच्या त्याच हॉटेलवर नाचायला आहेस, म्हणून पत्ता जुनाच घातला आहे.

इथे पाऊस थांबायला तयार नाही. शाळेच्या छपराचे दोन पत्रे उडाले. इवासो नदी अजून तांबडी आहे आणि काठाची बरीच झाडं घेऊन गेली. लोकांची जनावरं फार मेली. जिराफ मात्र मजेत आहेत. बाभळींना एवढा पाला मी कधी पाहिला नव्हता. ते थेट वस्तीच्या कुंपणापर्यंत येऊन चरतात. नर मान ताणून शेंड्याचं ओरबाडतात, माद्या मान वाकवून खालचं खातात. हे तुला माहीत आहे, मी उगाच लिहितो आहे.

विचारायचं ते विचारतो. धाकटा तुझ्याकडेच आहे ना? बरा आहे ना? आई सारखी विचारते. एवढंच कळव. दोन ओळी पुरेत.

काद्झो वहिनींना नमस्कार. सिदीला आशीर्वाद. ती आता बोलत असेल.

लेकिशोन


८ फेब्रुवारी १९९८

दादा,

तुझं कार्ड मिळालं. माझ्या खिशात आहे. इतक्यांदा उघडलं की घडीवर फाटायला आलं आहे. तू लिहिलं आहेस: "धाकटा माझ्याकडेच आहे. हुसेनने सांगितलं वाटतं. बरा आहे, पण पोट सारखं बिघडतं, इथलं पाणी त्याला मानवत नाही. आईला म्हणावं काळजी करू नको. आणि तू जिराफ काय लिहितोस? मास्तर झालास म्हणून आपला शब्द विसरलास?"

विसरलो नाही, दादा. लमेऊत. लमेऊत. लमेऊत. घे, तीनदा लिहिला.

आता सगळं सांगतो. पहिल्या पत्रात सांगितलं नाही, कारण काय सांगायचं तेच मला कळत नव्हतं. नोव्हेंबरात नदीला मोठं पाणी आलं त्या सकाळी शेळ्या पलीकडच्या काठाला अडकल्या होत्या. त्या आणायला आपला धाकटा लमेऊत नदीत उतरला. मी शाळेत होतो. शेळ्या आल्या, सगळ्या नाही, पण आल्या. तो आला नाही. काठावर बायका होत्या. एकीने सांगितलं, मोठा ओंडका आला आणि मग तो दिसला नाही. दुसरी म्हणाली, तो पलीकडे वर चढला, तिने पाठ बघितली. तिसरी दोघींनाही हो म्हणत होती.

आई म्हणाली, पाठ बघितली म्हणजे तो चढला. चढला आणि रस्त्याला लागला. पावसाआधी तो म्हणत होताच ना, एकदा दादाकडे जाऊन समुद्र बघायचाय. लेसेपेन काका म्हणाले, नेसत्या कापडानिशी, काठीसुद्धा इथे टाकून, कुणी समुद्र बघायला जात नाही.

आम्ही नदीच्या काठाने खाली खूप शोधलं. जिराफांच्या नजरेवरून शोधलं. सगळे एकाच बाजूला बघत उभे राहिले की तिथे काहीतरी असतं, हे बाबांनीच आपल्याला शिकवलं होतं. पुलाच्या खालच्या वळणावर एक मादी दिवसभर एकाच जागी बघत उभी आहे असं गुराख्यांनी सांगितलं. मी, काका आणि दोघंतिघं गेलो. आई मागून आली, तिला कुणी नको म्हणालं नाही. पुराने आणून टाकलेल्या काटक्यांच्या ढिगात तिचं पिल्लू मेलेलं होतं. मी मोठ्याने श्वास सोडला, आणि मग मला आईकडे बघवेना.

ती मादी बरेच दिवस तिथून हलली नाही. पुढे यायची, मान खाली घालून हुंगायची, मागे सरकायची. समोर हिरवीगार बाभूळ, पण तोंड लावत नव्हती. आई रोज जाऊन जरा लांब बसायची. मी एकदा म्हणालो, "बिचारी रडतेय."

आई म्हणाली, "रडत नाहीये रे. काय करावं ते तिला सुचत नाहीये."

पुढे एक दिवस ती मादी थोड्या अंतरावर पाला खाताना दिसली आणि त्यानंतर दिसलीच नाही. आईनेही तिचा विषय काढला नाही.

डिसेंबरात काकांनी सगळ्यांना बसवलं. म्हणाले, आता नाव मिटवा. नदीने नेलेल्याला हाका मारून मागे ओढू नका. तुला आठवत असेल, मध नावाची आत्या गेली तेव्हा आपल्या घरात मधाला किती वर्षं 'झाडातलं गोड' म्हणत होते. तू चुकून मध म्हणालास आणि बाबांनी तुला जेवणावरून उठवलं होतं. आता आपल्या दारात रोज उभ्या राहणाऱ्या जनावराचं नाव मिटवायचं होतं. काका त्याला 'उंच' म्हणायला लागले. मी शाळेतला शब्द धरला, जिराफ. आई ऐकेना. ती मुद्दाम म्हणायची. लमेऊत पाला खातोय, लमेऊत रवंथ करतोय, उठा, बघा, लमेऊतची जीभ कशी काळी झालीय. काका उठून जायचे.

एकदा ते म्हणाले, "वहिनी, वस्तऱ्याला धार लावून ठेवलीय. थोरला आला की आधी त्याचं डोकं, मग सगळ्यांची. तो तिकडे पैसे घेऊन गोऱ्यांपुढे नाचाच्या उड्या मारतोय. इथे आम्ही जन्मभर फुकट मारल्या."

आई म्हणाली, "वस्तऱ्याला एवढी खाज सुटली असेल तर बोकड भादरा. माझ्या पोराचं नाव मी ठेवलंय. तो जन्मला तेव्हा कुंपणापलीकडून लमेऊत डोकावत होता, तुम्ही नव्हता."

माझी पंचाईत वर्गात झाली. पहिलीच्या भिंतीवर प्राण्यांचा तक्ता आहे. मी छडी हत्तीवर ठेवायचो, मग एकदम झेब्र्यावर. नायसुला नावाची एक मुलगी आहे, फार चौकस.

"गुरुजी, हे राहिलं."

"पुढे चला."

"रोज हेच राहतं."

मागून कुणीतरी ओरडलं, "गुरुजींना येत नाही!" आणि सगळा वर्ग मला शिकवायला लागला, लमेऊत, लमेऊत, टेबलं वाजवून. मी पाठ फिरवून फळा पुसत राहिलो. फळा कोरा होता.

आणि हाडाचं ऐक. पाणी उतरल्यावर काठावर जनावरांची हाडं उघडी पडली. नवीन वर्षात एक दिवस शाळेतून येताना एक नर हाड चघळताना दिसला. त्यांना ही सवय आहे हे मला माहीत आहे, पाल्यातून जे मिळत नाही ते ते हाडांतून घेतात. म्हातारा तंबाखूची गोळी फिरवतो तसा तो ते तोंडात या गालातून त्या गालात फिरवत होता. मी कधी कुणावर ओरडत नाही. त्या दिवशी ओरडत, दगड मारत धावलो. त्याने हाड टाकलं आणि लांब जाऊन माझ्याकडे बघत राहिला. हाड लांब होतं, लाळेने बरबटलेलं. मी ते नदीत धुतलं आणि काकांकडे नेलं.

काकांनी उलटसुलट करून पाहिलं. "शेळीची नळी आहे. मास्तर, शाळेत हाडं शिकवत नाहीत वाटतं?"

मी ते नदीत फेकून दिलं. आता लिहिताना हसू येतं. बिचाऱ्याच्या तोंडचा घास काढला.

तुझं कार्ड मी सगळ्यांसमोर वाचलं. आईने पुन्हा वाचायला लावलं. "पाणी मानवत नाही" इथे आली की ती मान हलवायची. म्हणाली, "लहानपणापासून असंच आहे त्याचं." मेजवानीचा बोकड काकांनीच कापला. आज वस्तीत जो तो विनाकारण लमेऊत म्हणतो आहे. वर्गात मी तक्त्यासमोर उभा राहून इतक्यांदा म्हणालो की नायसुला म्हणाली, "पुरे गुरुजी, आला तुम्हाला."

हुसेनबरोबर पोटाचं मूळ पाठवतो. ठेचून, उकळून, रिकाम्या पोटी द्यायचं. लमेऊतला म्हणावं, तुझी काठी मी जपून ठेवली आहे. त्याने निरोप का दिला नाही ते मी विचारणार नाही. पण तो पलीकडे चढला कसा, तेवढं त्याला विचारून लिही. आईला ऐकायचं आहे. मलाही.

लेकिशोन


१५ मार्च १९९८

दादा,

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. टपालाच्या खिडकीपाशी उभा राहून वाचलं. मग दुकानाच्या सावलीत बसून वाचलं. मला वाटलं पहिल्यांदा नीट वाचलं नसेल.

"कोण माझ्याकडे आहे? धाकटा म्हणजे मी माझा मुलगा समजलो. तो ऑगस्टमध्ये झाला. काद्झो बाळंतपणाला माहेरी होती, म्हणून मला वाटलं तू विचारतोस, बाळ माझ्याकडे आलं की अजून तिकडेच आहे. त्याचं नाव मी आपल्या" आणि इथे तू नाव लिहिलं आहेस, "वरून ठेवलं, म्हणजे लांब असलो तरी रोज हाक मारता येते. इथे दुसरं कुणी आलेलं नाही. नदीचं काय झालं? नीट लिही."

नदीचं मी गेल्या पत्रात लिहिलं आहे. त्याहून नीट मला येत नाही.

तुझ्या पत्रात ते नाव पुष्कळदा आलं आहे. मी आता लिहीत नाही. लिहावं की नाही हे मला ठरवता येत नाही, म्हणून लिहीत नाही.

मी माझ्या पहिल्या पत्रात नेमके कोणते शब्द वापरले होते ते आठवत बसतो. भाऊ असा शब्द त्यात होता का? बहुतेक नव्हता. नाव तर नव्हतंच. तेव्हा वाटलं, तुला कळेल. आपल्यात माणसाचं नाव टाळून कुणी जिराफ लिहिलं तर काय झालं ते कुणालाही कळलं असतं. पण तू तिथे राहून किती वर्षं झाली, याचा मी विचार केला नाही. का तू वेगळं काही लिहिलंस आणि आम्हीच तसं वाचलं, कोण जाणे. कार्ड काढून पुन्हा बघितलं. त्यात एक अक्षर खोटं नाही.

ते मूळ बाळाला दिलं का? दिलं असेल तर बंद कर. ते मोठ्या माणसाचं औषध आहे. हे आधी लिहायला हवं होतं.

आईला अजून सांगितलेलं नाही. मी घरी आलो तेव्हा ती शेळीचं दूध काढत होती. "काय लिहिलंय?"

"तिकडेही पाऊस आहे म्हणतो."

"आणि त्याचं पोट?" तिने नाव घेऊन विचारलं.

"बरं आहे आता."

ते खोटं नव्हतं. बाळाचं पोट बरं आहे असंच तू लिहिलं आहेस. पण आई हसली, आणि मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

शाळा सुटली की मी नदीवर जातो. ते हाड जिथे फेकलं ती जागा शोधतो. तिथे आता वाळू आहे. काका म्हणाले होते शेळीची नळी. ते नीट बघून म्हणाले की माझं तोंड बघून म्हणाले? शेळीची नळी एवढी लांब असते का? मी वस्तीतल्या शेळ्यांचे पाय बघत हिंडतो. लोकांना वाटतं मी विकत घेणार आहे.

तक्त्यावर मी पुन्हा हत्तीवरून झेब्र्यावर जातो. नायसुलाने बघितलं. या वेळी ती सगळ्यांच्या आधी झेब्रा म्हणाली.

काय करायचं ते तू सांग. तू थोरला आहेस.

लेकिशोन


५ एप्रिल १९९८

दादा,

तुझं उत्तर नाही. तरी लिहितो.

सांगितलं. आधी काकांना सांगितलं, मग दोघं मिळून आईकडे गेलो. मी दोन्ही पत्रं शेजारी ठेवली आणि वाचून दाखवली. आईने ऐकून घेतलं. चहा ओतला. साखर जास्त घातली, रोज घालते तशीच.

मग म्हणाली, "पहिलं खरं आहे."

"आई, दोन्ही खरी आहेत. पहिल्यात बाळ आहे."

"बाळाला पाणी कशाला मानवत नाही? बाळ दूध पितं. माझं पोरगं तिथे आहे. थोरला पहिल्यांदा सरळ मनाने लिहून गेला. मग काहीतरी झालं, म्हणून आता लपवतोय."

"काय झालं असेल?"

"ते मला काय माहीत? तू मास्तर आहेस, तू सांग. कुणा गोरीबरोबर गेला असेल. तुरुंगात असेल. आपला थोरला लोलोजू लहानपणापासून धाकट्याची बाजू सावरतो."

मी तिला समजावायला लागलो. समजावता समजावता मलाच वाटायला लागलं की ती म्हणते ते अगदीच अशक्य नाही. बाळ खरंच पाणी पितं का? "हुसेनने सांगितलं वाटतं" असं तू लिहिलंस. हुसेनला विचारलं, तर तो म्हणतो, मी लोलोजूला फक्त रस्त्यावरून हात केला, बाळ नाही बघितलं, कुणीच नाही बघितलं. मग तू तसं का लिहिलंस? दादा, तो तिथे नाही ना? की आहे? रागावू नकोस. मला एकदा सरळ लिहून दे.

काकांचं म्हणणं वेगळंच आहे. त्यांना तू खोटा वाटत नाहीस. त्यांना बाळाची काळजी वाटते. ते म्हणाले, "पोराचं पोट का सारखं बिघडतं ते आता कळलं. नदीने नेलेल्याचं नाव त्याच्यावर आहे. त्याला घातलेली हाक याला लागते. वहिनी, इथे तुम्ही दिवसभर ओरडता, तिथे तो जागा होतो."

"त्याचं नाव नोव्हेंबराच्या आधी ठेवलंय, काका," मी म्हणालो. "तेव्हा सगळे जिवंत होते."

"तेव्हा ठीक होतं. आता नाही. आता काढायला पाहिजे."

आई म्हणाली, "काढा म्हणजे? बाळाचं काढलं म्हणजे माझा पोरगा गेला असंच झालं ना? तुम्हाला तेच पाहिजे."

"मला दोन्ही पोरं पाहिजेत. पण एक नदीत आहे."

"कोण म्हणतो?"

माझ्याकडे बघितलं दोघांनी. मी चहा संपवला.

त्यानंतर दोन दिवसांनी आई धावत शाळेत आली. पुलाकडच्या माळावरचे सगळे जिराफ दक्षिणेला तोंड करून उभे आहेत, खाणं सोडून. दक्षिणेला म्हणजे तुझ्या बाजूला. मी मुलांना सोडलं आणि तिच्याबरोबर गेलो. खरंच उभे होते, लहानमोठे सगळे, तोंडातला पाला तसाच. मी त्या दिशेने चालत गेलो. सिंह असेल म्हणून दगड घेतले. ओढ्यापर्यंत गेलो, ओढा ओलांडला. काही नव्हतं. मागे वळून बघितलं तर ते आता माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या पायाशी आई.

आपण पोरांना सांगतो की ते बघतात तिथे काहीतरी असतंच. तिथे खरंच काही नव्हतं, दादा. मी नीट बघितलं.

लेकिशोन


२८ एप्रिल १९९८

दादा,

तुझं पत्र आज सकाळी मिळालं, आणि हे उद्या पहाटेच्या गाडीने टाकतो. बाळाला पुन्हा जुलाब, दूध टिकत नाही, अंग तापतं, हे वाचलं. आधी माझं म्हणणं सांगतो. त्याला दवाखान्यातच ठेव. डॉक्टर जा म्हणेपर्यंत हलू नकोस. मूळ देऊ नकोस. पाणी उकळून गार करून दे, वर्गात मी हेच शिकवतो.

तू लिहिलं आहेस, "आईची शपथ, इथे तो नाही, कधी आलाच नाही, आला असता तर मी त्याला खांद्यावर घेऊन वस्तीत आणून सोडला असता." मी विचारलं म्हणून तुला हे लिहावं लागलं. मी आता विचारणार नाही.

पत्र आईला वाचून दाखवलं. काका तिथे नव्हते. बाळाचं ऐकून तिने विचारलं, "किती महिन्यांचा?"

"आठ-नऊ."

"बसतो का?"

"ते लिहिलेलं नाही."

"आजारात त्याला हाक कोण मारतं?"

"दादा आणि वहिनी. सगळेच मारत असतील."

"त्याच नावाने?"

"त्याच."

ती उठली आणि शेळ्या घेऊन गेली. मी म्हणालो मी नेतो, तर म्हणाली शाळेत जा. मी शाळेत गेलो. दुपारी ती दारात येऊन उभी राहिली. मुलं उभी राहिली, तिने हाताने बसवलं. मी बाहेर गेलो.

"कागद आहे?" तिने विचारलं.

"आहे."

"लिही. त्या लेकराचं नाव बदल म्हणावं."

एवढे महिने मला वाटत होतं की हे नाव कुणीतरी ठरवून टाकावं, इकडे किंवा तिकडे. आणि आता म्हणावंसं वाटलं, राहू दे. एका लेकराच्या अंगावर तरी राहू दे. म्हणालो, "आई, नावाने ताप येत नाही. काका काहीही म्हणतात."

"येत नसेल."

"मग कशाला?"

"येत असला तर?" ती म्हणाली. "मी इथे बसून हाक मारत राहू आणि तिथे ते लेकरू... लेकिशोन, मी त्याला बघितलंसुद्धा नाही रे. माझ्या हाकेने त्याला काही व्हायला नको. लिही."

मी म्हणालो, "पण मग आपला..."

"हो," ती म्हणाली. "मला कळतं त्याचा अर्थ काय होतो. तूच तेवढा मास्तर नाहीस."

संध्याकाळी तिने स्वतः काकांना बोलावलं. तू नाहीस, म्हणून काका थांबू या म्हणाले, थोरल्याशिवाय कसं करायचं. आई म्हणाली, "थोरला आपल्या पोराजवळ बसलाय. त्याने तिथेच बसावं." मग ती आधी बसली. वस्तऱ्याखाली एकदाच डोळे मिटले, पाणी गार होतं म्हणून असेल. तिच्यानंतर मी. तुझं तू तिकडे कर, किंवा नको करू, हॉटेलवाले काय म्हणतील ते मला माहीत नाही. काकांनी आईच्या गळ्यातले मणी उतरवून तिच्या ओटीत ठेवले आणि बाहेर जाऊन बसले. मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल.

मला अजूनही काही कळलेलं नाही, दादा. त्या बाईने पाठ बघितली होती. कुणाची बघितली? नावाने ताप येतो की नाही, हाड कुणाचं होतं, यातलं एकही मला सांगता येणार नाही, आणि मी मुलांना शिकवतो. पण आईने सांगितलं तसं लिहितो आहे. ते मला पटलं आहे की नाही, हे विचारू नकोस.

कोणतं नाव ठेवायचं, हेही मी तिला विचारलं. म्हटलं, बाबांच्या वडिलांचं? काकांचं? ती नको म्हणाली. इथल्या प्रत्येक नावामागे कुणी ना कुणी आहे. त्याच्या आईच्या माणसांतलं ठेवा, समुद्राकडचं. तिकडचं आपलं कुणी मेलेलं नाही.

तेव्हा काद्झो वहिनींना विचार. त्यांच्या घरात जे आवडतं असेल ते ठेवा, कितीही वेगळं असलं तरी चालेल. ठेवलं की लगेच कळव, आणि कसं म्हणायचं तेही फोडून लिही. आईला ते म्हणता यायला पाहिजे.

लेकिशोन